वसियतीवर सांडलेली आंबील

आमच्या घराण्यात पूर्वजांनी दिलेला शब्द आजवर एका अक्षरानेही बदललेला नाही.

हे वाक्य माझं नाही. माझ्या धाकट्या चुलतभावाने ते फ्लेक्सवर छापून घेतलं होतं, खापरपणजोबांच्या चित्राखाली. खापरपणजोबांचा फोटो मिळण्याची शक्यता नव्हती. ते निजामाच्या राज्यात देगलूर आणि उदगीरच्या मधल्या एका खेड्यात दोन बैलांवर शेती करत होते, आणि कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे कोणी गेलं नव्हतं. म्हणून चित्रकाराने भावाचाच फोटो घेतला, मिशा जाड केल्या, डोक्याला पटका बांधला आणि कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले. भाऊ म्हणतो, आमच्या चेहऱ्यात साम्य आहे. आहेच.

दिलेला शब्द म्हणजे खापरपणजोबांची वसियत. मरणाच्या आधी त्यांनी गावच्या कुलकर्ण्याकडून ती मोडी लिपीत लिहून घेतली. हातभर लांबीचा जाडसर कागद, गुंडाळून लाल कापडात बांधलेला. तो वर्षातून एकदाच सोडायचा, येळवसेला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची झोपडी, कोप, उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून बसवतात, आणि हिरव्या शेंगांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर असा बेत असतो. बिंदग्यातून, म्हणजे मातीच्या घागरीतून, ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील आणलेली असते. ती आधी पांडवांवर शिंपडायची, मग पिकावर, मग आपण प्यायची. आमच्या घरचे पांडवांच्या शेजारी वसियत मांडत. मग तिलाही हळद-कुंकू लागे आणि तिच्यावरही आंबील शिंपडली जाई. शंभराहून जास्त वर्षं आम्ही त्या कागदाला जेवू घालत आलो.

त्यानंतर घरातला वडीलधारा पुरुष कागद दोन्ही हातांत धरून ती म्हणून दाखवी. म्हणून दाखवी, वाचून नव्हे. मोडी घरात कोणालाच येत नव्हती. एकाने दुसऱ्याकडून ऐकून पाठ केलेली, अशी ती चालत आली होती. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आपल्याच शेतात. तेव्हा खापरपणजोबा त्या रानात कुठेतरी अजून बसलेले आहेत आणि दर येळवसेला आपली वसियत नव्याने ऐकत असणार.

नव्यानेच. कारण मी लहानपणापासून ती ऐकत आले आणि ती कधीच पूर्ण सारखी नव्हती. आजोबा म्हणत तेव्हा तिच्यात मठाला धान्य द्यायचं होतं. काका म्हणायला लागले तशी शाळेला वर्गणी आली. काकांच्या पश्चात त्यांचा मुलगा, म्हणजे भाऊ, म्हणायला लागला, आणि दुसऱ्याच वर्षी खापरपणजोबांनी आम्हाला सोयाबीन पेरायची आज्ञा केली. मी शेजारी बसलेल्या आत्याकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. त्याच वर्षी आजोबा वारले होते आणि काकांनी पहिल्यांदा वसियत म्हटली. आजोबांच्या तोंडी लेकीच्या वाट्याला ‘चोळी-बांगडी’ असे. काकांनी त्या ठिकाणी क्षणभर थांबून, कागदावर अंगठा टेकवून म्हटलं, “लेकीला आंब्याखालची पट्टी आन् आखाड्यावरची खोली, जीव हाय तवर.” माझ्या वडिलांनी उंडा मोडता मोडता मान हलवली. मला तेव्हा वाटलं, खापरपणजोबांनी मन बदललं.

तेव्हापासून आत्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, रस्त्याला लागून असलेल्या त्या पट्टीत राहते. दोन खणांची खोली, समोर आंबा, आंब्याच्या पलीकडे तिची मेथी, लसूण, करडई. या जागेवर तिचा कागदोपत्री काहीही हक्क नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. इतर बहिणींप्रमाणे तिनेही तहसिलात जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा दिला आहे आणि साडी घेऊन परत आली आहे. अंगठा का, तिला सही येते की, असं मी एकदा विचारलं. “सही केली असती तर वाटलं असतं म्या वाचून दिलंय,” ती म्हणाली. त्यावर मला हसायला फारसा अधिकार नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते, हक्कसोडपत्र शब्दन् शब्द वाचलं आणि मग सही केली.

तर आत्याकडे होता तो फक्त येळवसेला म्हटला जाणारा शब्द. भावानेही तो इमानाने म्हटला, तीन-चार वर्षं. मग रस्ता चौपदरी झाला.

रस्ता रुंद झाल्यावर माणसाला मंगल कार्यालय सुचतं. भावालाही सुचलं. त्याला नाव खापरपणजोबांचं, दारात त्यांचा पुतळा, आणि रस्त्यावर दगडी कमान. कमानीच्या खांबावर संगमरवरात कोरलेली संपूर्ण वसियत, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून. कमान उभी करायला जागा एकच होती: आंब्याखालची पट्टी.

भाऊ वाईट माणूस नाही, हे इथेच सांगून टाकते. आत्याच्या बीपीच्या गोळ्या तो दर महिन्याला उदगीरहून आणतो. पावसाळ्यात तिच्या छपरावर प्लास्टिक टाकायला स्वतः चढतो. गावातल्या नव्या घरात त्याने तिच्यासाठी खालची खोली काढून ठेवली होती, फरशीची, पंखा लावलेली. त्याला खरोखर कळत नव्हतं की ती तिथे का येत नाही.

“अक्का, तू सांग तिला,” तो मला फोनवर म्हणाला. “आखाड्यावर साप निघून राहिलेत. घरी टीव्ही हाय, सुना हायत. वय काय झालंय तिचं?”

“आणि वसियतीत तिची पट्टी आहे त्याचं काय?”

“त्यासाठीच तर फोन केला. खांबावर कोरायचं म्हणजे आपल्या मनानं कोरता येत न्हाई. मूळ कागद वाचून घे कुणाकडून. जे असेल ते. एक अक्षर इकडचं तिकडं नको.”

तो प्रामाणिकपणे बोलत होता. आपण सोयाबीन घातलं हे तो विसरला होता.

मी गावी जाऊन देवघरातून लाल बासन घेतलं आणि जाताना आखाड्यावर उतरले. आत्या लसूण निवडत होती. कागद वाचायला लातूरला नेते आहे, असं मी सांगितलं. तिचे हात थांबले.

“कामून?”

“खांबावर कोरायचंय.”

“ऐकायला बरी हाय की ती. वाचायला कशाला पाहिजे?”

“खरं काय लिहिलंय ते कळेल.”

“तुला कळंल,” ती म्हणाली. “मला हितून उठावं लागंल.”

मग तिने पाकळ्या सुपात गोळा केल्या आणि मला चहा टाकते म्हणून आत गेली. आत बराच वेळ भांडं वाजलं नाही. मी आंब्याकडे पाहत बसले. कागद परत देवघरात नेऊन ठेवावा, मोडी वाचणारं कोणी सापडलं नाही असं भावाला सांगावं, हे मनात आलं. पण आयुष्यभर लोकांना ‘मूळ पाहा’ म्हणून सांगत आलेल्या बाईला ते जमेना. खरं म्हणजे मला उत्सुकताही होती. ती मी आत्याला सांगितली नाही.

लातूरला मोडी वाचणारे एक गुरुजी आहेत. ऐंशीच्या घरातले, जमिनीची जुनी दप्तरं लावण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. त्यांनी कागद टेबलावर पसरला, चष्म्यावर दुसरा चष्मा धरला आणि वास घेतला.

“हे काय सांडलंय?”

“आंबील.”

“हे?”

“तीही आंबीलच. आणि हळद. पूजा करतो आम्ही.”

“बाई, कागदाची पूजा वाळवीसुद्धा करते,” गुरुजी म्हणाले. “पण ती निदान कडेनं सुरू करते.”

दोन तास लागले. मी आजन्म ऐकलेलं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. मठ नव्हता, शाळा नव्हती, एकजुटीने राहण्याचा उपदेश नव्हता. आपण जाणार हे कळलेल्या, लिहिता न येणाऱ्या एका शेतकऱ्याने घरातल्या एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बोललेलं होतं ते. बैलजोडी थोरल्याने सांभाळावी, पण पेरणी धाकट्याची आधी करून द्यावी. म्हाताऱ्या बैलास बाजारात नेऊ नये. माझ्या बायकोने मन मानेल त्या लेकाकडे राहावे, आणि ज्याच्याकडे राहील त्याच्या बायकोने तिला स्वयंपाकास लावू नये, तिने पुष्कळ केला आहे. गुरुजींनी हे वाक्य वाचलं आणि चष्मा पुसला. माझीही तीच पंचाईत झाली होती.

“आता लेक आली,” ते म्हणाले. मी खुर्ची पुढे ओढली. “‘लेकीस’... आणि पुढे हा डाग.”

कागदाच्या बरोबर मध्ये भाकरीएवढा तपकिरी डाग होता. त्याच्याखाली शाई विरघळून नुसता धूर राहिला होता. डागाच्या पलीकडे ओळ पुन्हा सुरू होत होती: ‘यास कोणी हरकत करू नये.’

“मध्ये काय असेल?”

“तीन ओळी असतील.”

“अंदाजाने?”

“बाई, मी अक्षर वाचतो. डाग वाचत नाही.” त्यांनी स्वच्छ देवनागरीत सगळी नक्कल लिहून दिली, आणि त्या जागी लिहिलं: येथे डाग.

उठताना माझं लक्ष डागाच्या कडेला गेलं. तिथे हळदीचा एक अंगठा उमटलेला होता, एकावर एक, अनेक वर्षांचा. काका वसियत म्हणताना लेकीच्या जागी थांबून अंगठा टेकवत. मोडी त्यांना येत नव्हती. तरी अंगठा बरोबर तिथेच होता.

परतताना मी पुन्हा आखाड्यावर उतरले आणि आत्याला नक्कल वाचून दाखवली. स्वयंपाकाचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. डागापाशी आले तेव्हा तिने विचारलं, “केवढा हाय?”

“भाकरीएवढा.”

“मधोमध?”

“हो.”

आत्या हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. “तो म्याच पाडलेला,” ती म्हणाली. “सात-आठ वर्साची असन. बिंदगं डोक्यावर घिऊन म्याच जाणार म्हणून रडले होते. कोपीपशी पाय अडकला, बिंदगं समदं कागदावर. अप्पानी, तुझ्या आज्यानं, हात उगारला तर तुझा काका मदी आला. म्याच ढकललं तिला, म्हणला. त्यानं मार खाल्ला, येळवसेच्या दिवशी.”

“म्हणजे त्याला डाग कुठाय ते माहीत होतं.”

“त्यालाच तर माहीत होतं.”

“पण आत्या, त्या डागाखाली पट्टी लिहिली होती का?”

तिने सूप उचललं. “कुणाला ठाव,” ती म्हणाली. “चोळी-बांगडी असंल. अप्पा तेच म्हणायचे.” मग सूप पाखडता पाखडता, “तू काय वाचणार हाईस तितं?”

“जे लिहिलंय ते.”

“डागात?”

“येथे डाग.”

“बरं,” आत्या म्हणाली, आणि भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलायला कोणाला बोलवायचं याचा विचार करायला लागली.

त्या येळवसेला भावाने गाव बोलावलं होतं. सरपंच, दोन माजी सरपंच, बँकेचे साहेब, धर्माबादहून आलेले व्याही, एक निवृत्त हेडमास्तर. कोपीच्या मागे फ्लेक्स, फ्लेक्सच्या मागे तुरीचं पीक. पांडवांना कोपीत ताटकळत ठेवून आधी सत्कार झाले. भावाने भाषण केलं. वसियतीचा प्रत्येक शब्द आम्हाला शिरसावंद्य आहे, असं तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा हात वर करून. मग कमानीचं चित्र सगळ्यांना दाखवलं. चित्रात आंबा नव्हता.

“आता अक्का मूळ वसियत वाचतील,” तो म्हणाला.

मी वाचली. धाकट्याची पेरणी आधी, म्हाताऱ्या बैलाला बाजार नाही. लोक चुळबुळत होते, त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं होतं. बायकोला स्वयंपाकाला लावू नये हे आलं तेव्हा मात्र बायकांच्या बाजूला माना वर झाल्या, आणि कोणीतरी मागून म्हणालं, “ह्ये कोरा खांबावर, मोठ्या अक्षरात.”

“लेकीस,” मी वाचलं. “येथे डाग. यास कोणी हरकत करू नये.”

भाऊ माझ्याकडे पाहत होता. “डाग म्हणजे?”

“आंबिलीचा डाग. तिथलं वाचता येत नाही.”

“पण मग लेकीला दिलं काय?” हेडमास्तरांनी विचारलं. ते वर्गातही असेच विचारत असावेत.

भावाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं: पट्टी कागदात नाही, हे त्याला उमगलं होतं. तो बोलायला तोंड उघडणार तोच आत्या उठली. गुडघ्यावर हात टेकवत, सावकाश. आंबिलीचं बिंदगं तिच्या कडेवर होतं.

“लेकरा,” ती भावाला म्हणाली, “काय दिलं ते ऱ्हाऊ दे. हरकत कुणी करू नये असं तर लिवलंय ना?”

“लिवलंय.”

“मग तुझी हरकत हाय का?”

“कशाला, आत्या?”

“डागात जे हाय त्याला.”

भावाने फ्लेक्सकडे पाहिलं. फ्लेक्सवरून त्याचाच चेहरा, पटका बांधून, त्याच्याकडे पाहत होता. बँकेचे साहेब पाहत होते. व्याही पाहत होते. डागाला हरकत कशी घ्यायची, हे त्याला सुचलं नाही. मला वाटतं, कोणालाच सुचलं नसतं.

“न्हाई,” तो म्हणाला.

“मोठ्यानं म्हण. तुझ्या बापाला ऐकू जाऊ दे, तो हितंच बसलाय.”

“न्हाई हरकत!” भाऊ ओरडला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांना नक्की कळलं नसावं, पण टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांना कळतं.

आत्याने पांडवांवर आंबील शिंपडली, पिकावर शिंपडली. वसियतीच्या जवळ आल्यावर मी कागद उचलून पाठीमागे धरला. तिने बोटं झटकली, थोडी आंबील माझ्या साडीवर उडाली. पंगतीत भाऊ तिच्या शेजारी बसला. दोन उंडे संपवले. मग पेला पुढे केला. “आत्या, अजून घाल. आंबट चांगली झालीय.”

“तुझ्या बापाला बी आंबटच लागायची,” ती म्हणाली आणि पेला काठोकाठ भरला.

मंगल कार्यालय झालं. चांगलं चालतं. कमान पट्टीवर न होता पलीकडे नाल्याच्या बाजूला झाली, त्यामुळे वऱ्हाडाला वळसा पडतो आणि काही गाड्या चुकून आत्याच्या मेथीत शिरतात. ती त्यांना बाहेर काढते आणि जाताना एकेक जुडी देते. आंबा आहे. साप आहेत. भाऊ प्लास्टिक टाकायला अजून स्वतःच छपरावर चढतो.

वसियतीची नक्कल भावाने मोबाइलवर फोटो काढून कारागिराला पाठवली होती, आणि वर फोन करून बजावलं होतं की एक अक्षर इकडचं तिकडं होता कामा नये. कारागीर शब्दाचा पक्का निघाला. कमानीच्या उजव्या खांबावर, संगमरवरात, सोनेरी रंग भरून कोरलेलं आहे: ‘लेकीस येथे डाग. यास कोणी हरकत करू नये.’